घोडी लंगडते, पण दुखते कुठे?

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. आम्ही माळावर एका धनगरवाड्याला गेलो होतो. वाडा म्हणजे दगडी वाडा नव्हे. चार पाले, मेंढरांभोवती वाघर, दोन कुत्री, आणि सामान वाहायला तीन घोड्या. दोन दिवसांनी हे सगळे बिऱ्हाड घाट उतरून कोकणात निघणार होते.

धनगराची घोडी म्हणजे त्याचे चालते घर. पाल तिच्या पाठीवर, भांडी तिच्या पाठीवर, धान्याचे पोते तिच्या पाठीवर. वाटेत जन्मलेले कोकरूही तिच्याच पाठीवर. आणि नेमकी त्या तिघींतली सगळ्यात भरवशाची घोडी लंगडत होती. उजवा पुढचा पाय तिने पुढे काढून नुसता टेकवला होता. त्यावर भार द्यायला ती तयार नव्हती.

म्हातारे बाबा म्हणाले, "फरा भरलाय तिचा. डाग दिल्याबिगर उतरायचा न्हाई."

फरा म्हणजे पुढच्या पायाचा खांदा. चुलीत विळा तापत होता. बाबांच्या बापाने असेच डाग दिले होते, आज्यानेही दिले होते. सुनेने मात्र आदल्या रात्रीच तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला होता. दहाच्या सुमारास मोटारसायकल आली. तिच्यावरून एक तरुण बाई उतरल्या. त्याच डॉक्टर. बाबांचा चेहरा जरा पडला. विळा त्यांनी चुलीतून काढला नाही.

डॉक्टरबाईंनी आल्या आल्या घोडीला हात लावला नाही. पंधरा पावलांवर उभ्या राहिल्या आणि बघत बसल्या. पाच मिनिटे गेली. बाबांना राहवेना.

"बाई, लांबनं काय दिसतंय? हात लावून बघा की."

"बाबा, मी जवळ गेले की ती माझ्याकडं बघणार, आणि दुखणं लपवणार. लांबूनच खरं कळतं."

हे खरे आहे. घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर. रानात जो लंगडताना दिसतो, त्यालाच लांडगा आधी गाठतो. म्हणून परका माणूस जवळ आला की घोडा दुखणे दाबून धरतो. घरच्या धन्यालासुद्धा तो पुष्कळदा फसवतो.

मग घोडीला सडकेवर नेले. दोरी सैल सोडून सरळ चालवत नेले आणि परत आणले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पायाकडं बघू नका बाबा, मानेकडं बघा."

आम्हीही मानेकडे बघितले. उजवा पाय जमिनीला लागला की मान वर जात होती. डावा पाय लागला की मान खाली येत होती. घोड्याचे डोके जड असते. दुखऱ्या पायावर कमी वजन पडावे म्हणून तो डोके वर उचलून घेतो. चांगला पाय टेकला की डोके खाली सोडतो. पुढचा पाय दुखत असेल तर मान ही तराजूच्या काट्यासारखी चालते. मागचा पाय दुखत असेल तर मान सोडून पुठ्ठ्याकडे बघायचे. दोन्ही बाजूंचे पुठ्ठे सारखे वरखाली होत नाहीत, दुखऱ्या बाजूचा जास्त हलतो. एवढे तुम्हीही उद्या बघू शकता. मात्र जमीन कठीण आणि सपाट हवी, आणि दोरी सैल हवी. दोरी आवळून धरली तर मान हलणार कशी?

पाय तर सापडला. आता पायात कुठे?

"म्हणून तर म्हणतोय, फरा," बाबा म्हणाले.

"आधी खूर बघू, मग फरा," बाई म्हणाल्या.

खूरच आधी का? हे कळायला घोड्याचा पाय कसा बनला आहे ते कळले पाहिजे. घोडी जरा उभी राहू दे. आपण तेवढे समजून घेऊ.

तुमचा हात जमिनीवर ठेवा. आता तळवा वर उचला. बोटे टेकलेली राहू द्या. मग एकेक बोट उचलून घ्या आणि नुसते मधले बोट, तेही त्याच्या टोकावर, टेकून ठेवा. घोडा असा उभा असतो. प्रत्येक पायाला एकच बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे जाड नख. पुढच्या पायाला मध्यावर जो सांधा असतो त्याला आपण गुडघा म्हणतो. पण तो घोड्याचा गुडघा नव्हे, ते त्याचे मनगट. मागच्या पायाला जो मागे टोक काढलेला सांधा दिसतो, ती त्याची टाच. खरा गुडघा वर पोटाला लागून असतो. म्हणजे घोडा जन्मभर चवड्यांच्याही पुढे, बोटांच्या टोकांवर चालतो. म्हणून तो वेगाने पळतो, आणि म्हणूनच त्याचे पाय लवकर दुखावतात.

दुसरी गोष्ट. पुढच्या मनगटाखाली आणि मागच्या टाचेखाली घोड्याच्या पायाला मांस जवळजवळ नसतेच. हाड, कातडी, आणि मांसाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या. या दोऱ्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात. हात फिरवून बघा, पायाच्या मागच्या बाजूला त्या ताणलेल्या सुतळीसारख्या लागतात. यांना रक्त कमी मिळते, म्हणून दोरी एकदा तुटली किंवा उसवली की भरून यायला महिने लागतात. घोड्याला उभ्याउभ्या डुलकी घेता येते ती याच दोऱ्यांच्या जोरावर. सांधे दोऱ्यांनी अडकवून ठेवले की मांसाला फारसे काम राहत नाही. पण खरी गाढ झोप त्याला आडवे पडल्याशिवाय लागत नाही. तुमचा घोडा कधीच आडवा होत नसेल, तर जागा अपुरी आहे का, किंवा उठता-बसताना काही दुखते का, ते बघा.

तिसरी गोष्ट आम्हाला स्वतःला फार नवलाची वाटली. आपल्या खांद्याला पुढून गळ्याखाली एक आडवे हाड असते. चाचपून बघा. घोड्याला ते नाही. त्याच्या पुढच्या पायांचे धडाशी हाडाने हाड जुळलेलेच नाही. दोन फऱ्यांच्या मध्ये धड मांसाच्या झोळीत टांगलेले असते. आणि शंभर किलो वजन असेल, तर त्यातले साठ किलो पुढच्या दोन पायांवर पडते, चाळीस मागच्या दोघांवर.

आता बाबांचे का चुकत होते ते सांगतो. पुढचा पाय लंगडत असेल तर बहुतेक वेळा दुखणे खाली, खुरातच असते. पण घोडा त्या पायाने आखूड पाऊल टाकतो. आखूड पाऊल बघून आपल्याला वाटते, खांदा आखडला. लंगडणे महिनाभर राहिले तर त्या बाजूच्या फऱ्याचे मांस वापर नसल्याने वाळते. मग तर खात्रीच होते की रोग फऱ्यात आहे. वास्तविक फरा बिचारा खुराच्या दुखण्याची शिक्षा भोगत असतो. वरून आपण त्यालाच डाग देतो.

खूर बाहेरून लाकडासारखा दिसतो, पण आत जिवंत मांस आहे, रक्त आहे, आणि एक हाड आहे. हे हाड खुराच्या भिंतीला आतून शेकडो बारीक पापुद्र्यांनी चिकटून लटकलेले असते. खालून बघितले तर मधोमध रबरासारखा मऊ त्रिकोण दिसतो. पाय टेकला की टाच थोडी फाकते, आतले रक्त वर ढकलले जाते. पाय उचलला की रक्त पुन्हा भरते. म्हणजे प्रत्येक पावलाला खूर पंपासारखे काम करतो. दिवसभर खुंटाला बांधलेल्या घोड्याचे पाय सुजतात ते उगीच नाही.

खूर महिन्याला सुमारे ८ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढचा खूर मुळापासून नवा व्हायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणून नाल मारलेल्या घोड्याची नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर तासून, पुन्हा बसवावी लागते. नाल झिजली नाही म्हणून तशीच ठेवली, तर खूर पुढे लांबतो, पायाचा कोन बिघडतो, आणि मागच्या दोऱ्यांवर ताण येतो. पैसे वाचतात नालेचे आणि जातात घोड्याचे. खुराच्या तळाशी कडेने एक पांढरी रेघ असते. खिळा तिच्या बाहेरच बसला पाहिजे. आत गेला की जिवंत मांसात गेला. चांगला नालबंद ही रेघ डोळे मिटूनही ओळखतो. असा नालबंद आता दुर्मिळ होत चालला आहे. तुमच्या भागात असेल तर त्याला दुखवू नका.

हे सगळे माणसाला कळले कसे? एका दिवसात नाही, एका देशातही नाही.

आपल्याकडे फार जुन्या काळी शालिहोत्र नावाचे ऋषी घोड्यांचे वैद्यक जाणत होते, असे मानतात. त्यांच्या नावाने संस्कृतात मोठा ग्रंथ आहे. त्यावरूनच घोड्याच्या वैद्याला शालिहोत्री म्हणू लागले. उत्तरेत अजून सालोतरी म्हणतात. ग्रीस देशात सुमारे २,४०० वर्षांपूर्वी झेनोफोन नावाचा सरदार होऊन गेला. त्याने घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की घोडा विकत घेताना आधी पाय बघा. घराचा पाया कच्चा असेल तर वरचे घर काय कामाचे, असे तो विचारतो. खूर टणक व्हावेत म्हणून घोडा गोट्यांच्या अंगणात उभा करा, असेही सांगतो. इटलीतल्या कार्लो रुइनी यांचे घोड्याच्या शरीरावरचे मोठे पुस्तक १५९८ साली निघाले.

पण आम्हाला सांगायचे आहे ते जॉर्ज स्टब्ज यांच्याबद्दल. हे इंग्लंडचे. डॉक्टर नव्हते, चित्रकार होते. बाप चामडे कमावण्याचा धंदा करी. घोड्याचे खरे चित्र काढायचे तर कातडीखाली काय आहे ते बघितले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १७५६ च्या सुमारास त्यांनी हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात एकाकी घर घेतले. मेरी स्पेन्सर नावाच्या बाई त्यांच्या मदतीला होत्या. मेलेला घोडा आकड्यांनी वर टांगायचा. पाय फळीवर असे ठेवायचे की तो चालतोच आहे असे वाटावे. मग एकेक थर सोलायचा. आधी कातडी, मग मांसाचा वरचा पदर, मग खालचा, मग दोऱ्या, मग हाडे. प्रत्येक थराचे चित्र, प्रत्येक भागाचे माप. हे दीड वर्ष चालले होते. मेलेल्या जनावराचा वास तिसऱ्या दिवशी कसा येतो, हे गावच्या माणसाला सांगायला नको!

एवढे करून चित्रे छापण्यासाठी कोरायला चांगला कारागीर मिळेना. तेव्हा स्टब्ज यांनी स्वतःच ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. १७६६ साली पुस्तक निघाले. आज अडीचशे वर्षे होऊन गेली, तरी त्या चित्रांतले हाड आणि मांस जिथल्या तिथे आहे.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये लियाँ शहरात क्लोद बूर्जला यांनी जनावरांच्या डॉक्टरांसाठी जगातली पहिली शाळा काढली. तिला १७६१ साली परवानगी मिळाली. बूर्जला घोडेस्वारी शिकवणारे गृहस्थ. आपल्याकडे मुंबईला परळमध्ये असे कॉलेज १८८६ साली सुरू झाले. ते आजही चालू आहे.

शरीर कळले, तरी चाल कळायची बाकी होती. घोडा भरधाव पळतो तेव्हा चारी पाय एकदम जमिनीवरून सुटतात का? यावर मोठमोठे लोक वाद घालत. डोळ्याला ते पकडता येत नाही. चित्रकार मात्र बेधडक चित्रे काढत. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, घोडा हवेत. अशी चित्रे तुम्हीही जुन्या वाड्यांच्या भिंतींवर बघितली असतील.

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात लेलँड स्टॅनफर्ड नावाचे धनाढ्य गृहस्थ होते. रेल्वेचे मालक, प्रांताचे माजी गव्हर्नर, आणि घोड्यांचे शौकीन. त्यांनी एडवर्ड मायब्रिज या फोटो काढणाऱ्याला हे कोडे सोडवायला लावले. १८७८ च्या जून महिन्यात पालो आल्टो येथे पळण्याच्या वाटेकडेला कॅमेरे ओळीने मांडले. वाटेवर आडवे बारीक दोरे लावले. सॅली गार्डनर नावाची घोडी दौडत गेली. तिच्या अंगाने एकेक दोरा ओढला गेला आणि एकेक फोटो निघत गेला. तिच्या दौडीचे बारा फोटो छापले, तेव्हा निकाल लागला. चारी पाय खरोखर हवेत असतात. पण कधी? पाय ताणलेले असताना नव्हे, तर चारी पाय पोटाखाली गोळा केलेले असताना! शेकडो वर्षे चितारलेले घोडे एका दिवसात चुकीचे ठरले.

या फोटोंमुळे पावलांचा हिशेब नीट मांडता आला. संथ चालीत चारी पाय एकेक करून पडतात, चार टापा वेगळ्या ऐकू येतात. दुडक्या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग उलट जोडी, म्हणून दोनच टापा ऐकू येतात. या चालीत दोन्ही बाजूंना सारखा भार पडतो, त्यामुळे थोडेसे लंगडणेही उघडे पडते. म्हणून डॉक्टर घोडा दुडकत न्यायला सांगतात. आमच्या ओळखीचे एक वृद्ध टांगेवाले नुसत्या टापांच्या आवाजावरून कुठल्या पायाची नाल सैल आहे ते सांगत. आता परदेशात घोड्याच्या डोक्यावर आणि पुठ्ठ्यावर आगपेटीएवढी यंत्रे बांधून हेच मोजतात. यंत्राला डोळ्यापेक्षा बारीक दिसते खरे, पण ते बघते तीच मान आणि तोच पुठ्ठा.

आता आपल्या घोडीकडे येऊ. ती बराच वेळ उभी आहे.

डॉक्टरबाईंनी दोन्ही पुढच्या खुरांवर हाताची मागची बाजू ठेवली. उजवा खूर जास्त गरम होता. मग खुराच्या वर, घोट्याच्या मागे बोटे ठेवून नाडी बघितली. उजव्या पायाची नाडी ठणकत होती. त्यांनी सुनेचे बोट तिथे ठेवून तिलाही दाखवले. मग पाय उचलून, माती साफ करून, मोठ्या चिमट्याने खुराची कड थोडी थोडी दाबत गेल्या. एका जागी घोडीने पाय हिसडला. पुन्हा दाबले, पुन्हा हिसडला. तिथे सुरीने तासले तर पांढऱ्या रेघेवर एक काळा ठिपका दिसला. तो आणखी कोरला तशी काळपट, घाण वासाची पुवाची धार आली. पुवाबरोबर बाभळीच्या काट्याचे टोक निघाले. तांदळाच्या दाण्याएवढे!

नखाखाली पू झाला की माणूस रात्रभर झोपत नाही. नख ताणत नाही, पुवाला वाट मिळत नाही. इथे तर त्या नखावर घोडीचे सगळे वजन. घोडीने लगेच पाय खाली ठेवला, आणि जरासा भार दिला. बाबा काही बोलले नाहीत. उठले, आणि चुलीतून विळा काढून राखेत खुपसला.

डॉक्टरबाईंनी कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवून ठेवायला सांगितले. रोज धुवायचा, कोरडा करायचा, फडके बांधून चिखल-शेणापासून जपायचा. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. हे फार महत्त्वाचे. धनुर्वात सगळ्या पाळीव जनावरांत घोड्याला फार लवकर होतो. त्याचे विष करणारे जंतू माती-लिदीतच असतात, आणि काट्याच्या, खिळ्याच्या बंद जखमेत वाढतात. झाल्यावर घोडा वाचणे कठीण. आधी लस टोचून घेतली तर धोका टळतो.

आम्हाला वाटले, काम झाले. पण डॉक्टरबाई निघेनात. त्यांनी तोंड उघडून दात बघितले, पाठीवर हात फिरवला, लीद बघितली, काय खायला घालता ते विचारले. काटा खुरात, मग पोटाची चौकशी कशाला? त्या म्हणाल्या, "घोड्याचा एक भाग बिघडला की बाकीचे त्याचं ओझं घेतात. मग तेही बिघडतात."

पोटाचेच बघा. घोडा रवंथ करत नाही. मोठ्या गाईच्या पहिल्या पोटात शंभर लिटरच्या वर मावते. घोड्याचे जठर ८ ते १५ लिटरचे. चरायला सोडला तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे खात राहतो. त्याला पित्ताची पिशवीसुद्धा नाही, कारण पित्त साठवायची गरजच नाही, ते सारखे झिरपत असते. चारा खरा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात. तिथे अब्जावधी बारीक जंतू तो आंबवतात. अशा जनावराला आपण दिवसभर उपाशी ठेवतो आणि रात्री तोबरा भरून चंदी घालतो. जास्त झालेले धान्य न पचता मागच्या आतड्यात उतरते, तिथे आंबट होते, आणि त्याचे विष थेट खुरांना बाधते. ते शेकडो पापुद्रे सुजतात, हाड भिंतीपासून सुटू लागते. मग घोडा दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. रोग पोटात, दुखणे खुरात. लग्नाच्या मांडवामागे वऱ्हाडाने कौतुकाने जिलेब्या आणि गव्हाची खीर चारलेला घोडा दोन दिवसांनी असा उभा राहिलेला आम्ही बघितला आहे.

पोट दुखले तर घोडा वळून वळून कुशीकडे बघतो, पाय आपटतो, लोळतो, लीद टाकत नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आतले बाहेर पडायला वरून वाट नाही. अशा वेळी बांबूच्या नळ्याने तेल किंवा काढा ओतू नका. तो फुप्फुसात गेला तर घोडा त्यानेच मरतो. चंदी काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. त्यांना फोनवर सांगता यावे म्हणून एवढे मोजून ठेवा. स्वस्थ उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी जबड्याखाली मिनिटाला २८ ते ४४ पडते. श्वास ८ ते १६. नाकातून दाट, चिकट, पिवळा शेंबूड आणि नाकात फोड दिसले, तर मात्र स्वतः हात लावू नका. तो ग्लँडर्स नावाचा रोग असू शकतो. तो माणसालाही होतो. घोडा वेगळा बांधा आणि सरकारी दवाखान्यात कळवा.

दातांविषयी आम्हाला स्वतःची एक चूक सांगायची आहे. आमच्या घरी पूर्वी टांग्याचा घोडा होता. लगाम घालायला गेले की तो डोके झटकी, तोंड वासे, जोखडाखाली आला की मागे सरके. आम्ही त्याला खोडकर म्हणायचो आणि चाबूक ओढायचो. वर्षभराने एका जाणत्याने तोंड उघडून दाखवले. दाढांच्या कडा करवतीसारख्या धारदार झाल्या होत्या आणि गाल आतून फाटले होते. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात आणि घासून झिजतात. झीज सारखी झाली नाही तर अशा कडा उरतात. कानशीने त्या घासल्या, आणि आठवड्यात घोडा गरीब गाय झाला. चाबकाचे वळ मात्र त्याच्या अंगावर राहिले होते.

इंग्लंडमधल्या स्यू डायसन या डॉक्टरबाईंनी यावरच खूप काम केले आहे. स्वार पाठीवर असताना घोडा काय काय करतो, त्यातल्या २४ वागणुकींची त्यांनी यादी केली. कान मागे पाडून ठेवणे, टक लावून बघणे, तोंड उघडे ठेवणे, शेपूट सारखी झटकणे, अशा. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या, तर बहुधा हाडामांसाचे दुखणे आहे असे समजावे, असे त्या सांगतात. ही यादी त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. आपण ज्याला खोड म्हणतो, ती पुष्कळदा तक्रार असते.

धनगरवाड्यावरच्या घोडीचे दात ठीक निघाले. पाठ ठीक नव्हती. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याला डाव्या बाजूने पैशाएवढी जागा सोलली होती, आणि आजूबाजूला पांढरे केस आले होते. पांढरे केस म्हणजे तिथे पूर्वीही ओझे रुतले होते. डॉक्टरबाईंनी खोगीर उलटे करून दाखवले. एका बाजूचा भरणा दबून पापडासारखा झाला होता. उजवा पाय दुखू लागल्यावर घोडी डावीकडे कलून चालली असेल, आणि ओझे त्या बाजूला घासले असेल.

मग सगळ्यात अवघड गोष्ट निघाली. "आठ दिवस घाट उतरवू नका. भोक भरून वर कठीण पापुद्रा यायला हवा," बाई म्हणाल्या.

"आठ दिस?" बाबा म्हणाले. "हितं चारा कुठंय? मेंढरं काय खातील?"

कोणी काही बोलेना. बाईंचेही खरे, बाबांचेही खरे. शेवटी सूनच बोलली. मेंढरे आणि बिऱ्हाड ठरल्या दिवशी निघावे. सामान दोन घोड्यांवर जेवढे बसेल तेवढेच घ्यावे, बाकीचे गावात सोयऱ्यांकडे ठेवावे. घोडीला घेऊन ती स्वतः मागे राहील. बाबांनी बराच वेळ तंबाखू मळली, आणि मान हलवली.

आठ दिवस सुनेने रोज दोनदा खूर धुतला. रिकाम्या वेळात खोगीर उसवले, दोन्ही बाजूंना सारखी लोकर भरली, आणि सोललेल्या जागेवर काहीच टेकणार नाही असा मध्ये खळगा ठेवून पुन्हा शिवले. नवव्या दिवशी तिने घोडीला सडकेवर दुडकत नेली आणि आम्हाला मान बघायला सांगितली. मान सरळ होती. मग खोगीर घोडीच्या पाठीवर न घालता तिने ते स्वतःच्या डोक्यावर घेतले, दोरी हातात धरली, आणि दोघी घाटाकडे निघाल्या.